जुन्या धाटणीचा लो-टॉप बास्केटबॉल स्नीकर रोज घालायचा असेल, तर त्याची पारख कोणत्या क्रमाने करावी

सोलापुरात नवी पेठेतल्या एखाद्या बुटांच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले, तर एकच चूक पुन्हा पुन्हा पाहायला मिळते. गिऱ्हाईक आधी रंग पसंत करते, मग नाव पाहते, मग किमतीवर घासाघीस करते आणि सर्वांत शेवटी, तेही बाकावर बसल्या बसल्या, एकाच पायात बूट चढवून ‘बसतोय’ असे सांगून मोकळे होते. पंधरा दिवसांनी तोच बूट टाचेला चावतो, करंगळी लाल होते आणि दोष बुटाच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा बूट वाईट नसतो, तपासणीचा क्रम उलटा झालेला असतो.

या लेखात आदिदास सुपरस्टार, नायकी एअर फोर्स १, नायकी डंक, एअर जॉर्डन १ लो आणि न्यू बॅलन्स ५५० अशा प्रकारच्या बुटांचा विचार केला आहे. घोट्याच्या खाली थांबणारे, सपाट आणि जाड रबरी तळाचे हे बूट मुळात लाकडी मैदानावर खेळण्यासाठी बेतलेले होते. आपण मात्र ते सिमेंटच्या रस्त्यावर, शहाबादी फरशीवर, दुचाकीच्या गिअरवर आणि चाळीस अंशांच्या उन्हात वापरणार आहोत. म्हणून ‘हा बूट चांगला आहे का’ असे न विचारता ‘हा बूट माझ्या दिवसाला पुरेल का’ असे विचारावे.

१. आधी दिवसाचा हिशेब मांडावा

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. दिवसात किती तास उभे राहावे लागते, किती चालावे लागते, दुचाकी गिअरची आहे की बिनगिअरची, आणि बूट दिवसातून किती वेळा काढावा-घालावा लागतो. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण घरी, देवळात, नातेवाइकांकडे आणि काही दवाखान्यांतही पादत्राणे बाहेर काढणाऱ्या आपल्या लोकांसाठी तो फार महत्त्वाचा आहे. दर वेळी लेस सोडण्याचा कंटाळा करणारा माणूस बुटाची टाच चेपून पाय आत सरकवतो आणि दोन महिन्यांत चांगल्या बुटाची चप्पल करून ठेवतो. आपली ही सवय असेल, तर ती आताच मान्य करावी आणि बूट निवडताना टाचेच्या मजबुतीला अधिक वजन द्यावे.

इशारा: रोज पाच किलोमीटर पळण्यासाठी किंवा खरोखर बास्केटबॉल खेळण्यासाठी बूट हवा असेल, तर येथेच थांबावे. हे बूट आज त्या कामाचे नाहीत. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पुढील ‘घालून पाहण्या’च्या चाचण्यांवर विसंबू नये आणि डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

२. पायाचे माप घरी, संध्याकाळी आणि दोन्ही पायांचे घ्यावे

दिवसभर उभे राहिल्यावर पाय सुजतो आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो अधिकच सुजतो. सकाळी अकरा वाजता नेमका बसलेला बूट संध्याकाळी सहा वाजता आवळतो, तो यामुळेच. म्हणून माप संध्याकाळी घ्यावे आणि जे मोजे रोज वापरणार तेच घालून घ्यावे.

भिंतीला टेकवून कागद जमिनीवर ठेवावा, टाच भिंतीला लावून त्यावर उभे राहावे आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ ओढायला सांगावे. स्वतः वाकून रेघ ओढली तर पायावरचा भार बदलतो आणि माप चुकते. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वाधिक रुंदी, या दोन्ही सेंटिमीटरमध्ये लिहाव्यात. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, तेव्हा लांबी त्या बोटापर्यंत मोजावी. दोन पायांत थोडा फरक बहुतेकांना आढळतो, अशा वेळी मोठा पाय प्रमाण मानावा. रेखाटलेला कागद कडेने कापून सोबत न्यावा, कारण पुढच्या टप्प्यात त्याचा उपयोग आहे.

आता नंबराविषयी. आपल्याकडे ‘मी आठ नंबर घालतो’ असे ठामपणे सांगितले जाते, पण आठ नंबर ही सर्व कंपन्यांमध्ये एकच लांबी नव्हे. नायकीच्या पुरुषांच्या बुटावर यूके ८ समोर २७ सेंटिमीटर छापलेले असते, तर आदिदासच्या यूके ८ समोर २६.५ सेंटिमीटर. अर्धा सेंटिमीटर ऐकायला किरकोळ आहे, पण यूके मापातला अर्धा नंबर म्हणजे साधारण ४.२ मिलिमीटर, म्हणजे हा फरक अर्ध्या नंबरापेक्षाही थोडा जास्त झाला. म्हणून जिभेच्या आतल्या लेबलवरचा सेंटिमीटरचा आकडा वाचावा. आपल्या पायाच्या लांबीपेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर मोठा आकडा ही बहुतेकांसाठी योग्य सुरुवात ठरते. ती केवळ सुरुवात आहे, निर्णय बूट पायात घातल्यावरच करायचा.

तपासा: कागदावर दोन्ही पायांची लांबी, दोन्हींची रुंदी आणि मोज्याचा प्रकार लिहिला आहे का? नसेल तर दुकानात जाण्याची घाई करू नये.

३. दुकानात पहिली गोष्ट फिटिंग, बाकी सर्व नंतर

जो बूट पायाला बसत नाही, त्याचे चामडे आणि शिलाई तपासण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. म्हणून रंग आवडला तरी हात आवरून आधी इनसोल, म्हणजे तळव्याखालची आतली गादी, पाहावे. ते सहज निघत असेल तर बाहेर काढून जमिनीवर ठेवावे आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. चवडा इनसोलच्या कडेबाहेर ओघळत असेल, तर तो बूट आपल्यासाठी अरुंद आहे. इनसोल चिकटवलेले असेल तर ते ओढू नये, सोबत आणलेला कापलेला कागद आत सरकवून तो कडेला दुमडतो का ते पाहावे. डंक अनेकांना चवड्यात अरुंद लागतो आणि एअर फोर्स १ बहुतेकांना अर्धा नंबर मोठा वाटतो, त्यामुळे मित्राच्या पायातला नंबर पाहून आपला ठरवणे हा जुगार आहे.

यानंतर दोन्ही बूट, दोन्ही पायांत. लेस खालपर्यंत सैल कराव्यात, पाय आत घालून टाच दोनदा जमिनीवर हलकेच आपटावी म्हणजे ती मागे टेकते, आणि मगच लेस खालून वर सारख्या ताणाने बांधाव्यात. आधीच बांधलेल्या बुटात पाय कोंबून ‘बसतो’ म्हणणे म्हणजे बुटाची नव्हे, दुकानदाराच्या गाठीची परीक्षा घेणे होय.

उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. सुपरस्टारसारख्या बुटाच्या नाकाला कडक रबरी शिंपला असतो, तेथे बाहेरून दाबून काहीच कळत नाही. अशा वेळी लेस सैल करून पाय पुढे सरकवावा आणि टाचेमागे एक बोट जेमतेम मावते का ते पाहावे. करंगळी कडेला घासत असेल तर तो नकार समजावा. चालताना नव्या बुटात टाच किंचित उचलली जाते, तेवढे चालते, पण पायऱ्या चढताना टाच स्पष्ट बाहेर येत असेल तर चालणार नाही.

लो-टॉपची स्वतःची एक अडचण आहे आणि ती बसून कधीच कळत नाही. उभे राहून पाय बाहेरच्या बाजूला थोडा कलता करावा. बाहेरच्या घोट्याचे हाड बुटाच्या काठावर टेकत असेल, तर महिनाभरात तेथे जखम होणार. काठ हाडाच्या स्पष्ट खाली राहायला हवा.

मग उकिडवे बसावे. दुकानात संकोच वाटेल, पण ही चाचणी टाळू नये. उकिडवे बसल्यावर बूट चवड्याशी दुमडतो आणि ती घडी नेमकी कोठे पडते ते कळते. घडी बोटांच्या सांध्यावर पडली तर ठीक, अंगठ्याच्या नखामागे रुतली तर बुटाचा साचा आपल्या पायाशी जुळत नाही. गिअरची दुचाकी चालवणाऱ्यांनी डावा चवडा गिअरखाली घालून वर उचलतो तशी हालचाल दहा वेळा करून पाहावी. त्यानंतर दुकानात किमान दहा मिनिटे चालावे, त्यातली दोन मिनिटे नुसते स्थिर उभे राहावे.

इशारा: ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. अस्सल चामडे रुंदीत थोडे सैलावते, लांबीत कधीही वाढत नाही. रेक्झिनसारखा कृत्रिम थर असलेला बूट तर रुंदीतही फारसा हलत नाही. मी स्वतः आवडता रंग अर्ध्या नंबराने लहान मिळत होता म्हणून हट्टाने घेतला होता. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याचे नख काळे पडले आणि बूट भाच्याकडे गेला. त्याच्या पायात तो आजही शोभतो, ही वेगळी गोष्ट.

४. सोलची पारख

या बुटांचा तळ वाटीसारखा असतो. रबराच्या खोलगट वाटीत फोम बसवलेला असतो, वरचा भाग त्या वाटीत उतरवलेला असतो आणि कडेने शिलाई व पेस्टिंग (चिकटवणे) करून दोन्ही जोडलेले असतात. त्यामुळे तो टिकाऊ असतो, पण जड आणि सुरुवातीला ताठ असतो. एका बुटाचे वजन साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास भरणे यात नवल नाही. पळण्याच्या हलक्या बुटातून थेट याकडे वळणाऱ्याला पहिले काही दिवस पाय ओढल्यासारखे वाटतात, तो दोष नव्हे.

पहिली चाचणी वाकवण्याची. टाच एका हातात, नाक दुसऱ्या हातात धरून बूट वाकवावा. तो चवड्याशी वाकला पाहिजे. मध्यभागी, तळव्याच्या कमानीखाली मोडल्यासारखा वाकत असेल तर तो नाकारावा. दुसरी चाचणी पिळण्याची: टॉवेल पिळतो तसा बूट सहज पिळला जात असेल, तर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्याला त्याचा आधार मिळणार नाही. तिसरी चाचणी सपाट काचेच्या काउंटरवर बूट ठेवून पाहण्याची, बूट डुगडुगता कामा नये आणि मागून पाहता टाच एका बाजूला कललेली नसावी.

शिलाई खरी आहे का, हे पाहणे अनेकजण विसरतात. स्वस्त बुटांच्या कडेला रबरातच टाक्यांचा नक्षीदार आकार उठवलेला असतो, दुरून तो शिलाईसारखाच दिसतो. नखाने खरवडून पाहावे, खरा दोरा वेगळा जाणवतो. शक्य असेल तेथे इनसोल उचलून आतल्या कडेने टाके दिसतात का तेही पाहावे. खरी शिलाई असेल तर पेस्टिंग सुटले तरी सोल लगेच लोंबत नाही आणि रस्त्याकडेच्या कारागिराकडून ती पुन्हा घालून घेता येते. पेस्टिंग तपासायला व्हिजिटिंग कार्डाची कड पुरेशी आहे. ती चवड्याच्या दोन्ही बाजूंनी जोडावर फिरवावी, कोठेही आत शिरता कामा नये.

आता मऊपणाविषयी, कारण येथे सर्वाधिक फसगत होते. पहिल्या पावलाला गादीसारखा वाटणारा बूट चांगला, असे आपण धरून चालतो. परंतु हा मऊपणा पुष्कळदा केवळ वरच्या इनसोलचा असतो आणि तो काही आठवड्यांत दबून जातो. अंगठा टाचेच्या आत जोराने दाबावा. सुरुवातीचा मऊ थर संपल्यावर एकदम दगड लागत असेल, तर खालचा फोम नावापुरता आहे. एअर फोर्स १ च्या टाचेत हवेची उशी असते, तरी तिचा परिणाम सौम्यच असतो, आणि डंक किंवा सुपरस्टार मुळातच कडक वाटतात. शिक्षक, दुकानात काम करणारे किंवा यंत्रमागावर उभे राहणारे यांनी हा कडकपणा गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. ‘नंतर जाड इनसोल टाकू’ हा उपाय हाय-टॉपमध्ये (घोटा झाकणाऱ्या बुटात) बरा, लो-टॉपमध्ये घातक, कारण इनसोल जाड झाले की टाच वर येते, काठ तुलनेने खाली जातो आणि टाच निसटू लागते. वेगळे इनसोल टाकायचेच असेल, तर ते सोबत नेऊन, मूळ इनसोल काढून, त्याच्यासह फिटिंग पाहावी.

पकडीसाठी तळाची नक्षी पाहावी. चवड्याखालचे गोल वर्तुळ मैदानावर पाय जागच्या जागी फिरवण्यासाठी असते, रस्त्यावर त्याचा विशेष उपयोग नाही. उथळ रेषांमध्ये पावसाळ्यात आपली काळी माती बसते आणि दहा पावलांत सोल गुळगुळीत होतो. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याच्या बाजूच्या नव्या वस्त्यांत, जेथे रस्ता अजून पूर्ण झालेला नाही, तेथे राहणाऱ्यांनी खोल नक्षीलाच पसंती द्यावी. ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरतो का, हे दुकानदाराची परवानगी घेऊन ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर, काउंटरला हात धरून पाहावे.

तपासा: वाकणे चवड्याशी, पिळणे अवघड, ठेवल्यावर स्थिर, जोडात फट नाही. यांपैकी एक जरी चुकले तरी त्याच नंबराचा दुसरा जोड मागवावा, कारण एकाच खेपेतील दोन जोडांतही फरक निघतो.

५. वरचा भाग: चामडे, ऊन आणि धूळ

पुष्कळ बुटांच्या लेबलवर वरच्या भागासाठी चार आकृत्यांपैकी एक छापलेली असते. जनावराच्या पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, त्याच कातड्यावर शंकरपाळीसारखा आकार म्हणजे वर थर दिलेले चामडे, नुसती शंकरपाळी म्हणजे इतर कृत्रिम साहित्य आणि जाळी म्हणजे कापड. ही खूण पाहिल्यावर दुकानदाराच्या ‘प्युअर लेदर’वर वाद घालण्याची गरज उरत नाही. आकृती नसेल तर अंगठ्याने दाबावे: चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट काढताच बहुतांशी विरतात, जाड कृत्रिम थरावर मात्र सरळ, टोकदार घडी पडते, आणि पुढे तेथेच तडा जातो.

कृत्रिम म्हणजे टाकाऊ असे नव्हे. पावसाळ्यात ते पुसायला सोपे असते. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात ते पाय उकडून काढते. नाकावरची छिद्रे खरोखर आरपार आहेत का, हे बुटात मोबाइलचा टॉर्च लावून पाहावे. केवळ ठसा उमटवलेल्या छिद्रांतून वारा जात नाही. फार जाड, फोमने फुगवलेली जीभ दिसायला सुबक असते, पण मे महिन्यात तीच नकोशी होते. स्वेडची, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याची, ओढ असेल तर हिवाळ्यापुरता दुसरा जोड म्हणून घ्यावा, कारण रस्त्यावरची धूळ त्यात मुरते आणि पाण्याने पुसली की डाग पसरतो.

गिअरच्या दुचाकीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. टाचेने मागे दाबून गिअर टाकता येतो अशी दुहेरी पट्टी गाडीला नसेल, तर डाव्या बुटाच्या नाकामागे दोन आठवड्यांत काळा पट्टा उमटतो. पांढरा बूट आवडतच असेल तर नाकावर वेगळा, गडद तुकडा शिवलेला नमुना पाहावा किंवा गिअरवर रबरी नळी चढवावी.

शेवटी टाच. मागचा भाग दोन बोटांनी जोराने दाबावा, तो सहज चेपला तर रोज काढ-घाल करणाऱ्याने तो घेऊ नये.

६. लेबल, खोका आणि बुटाचे वय

दोन्ही बुटांच्या आतला नंबर आणि नमुना-क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते वाचावे. डावा आठ आणि उजवा साडेआठ असे जोड प्रदर्शनात ठेवून ठेवून तयार होतात. खोक्यावर सर्व करांसह एमआरपी, निर्मितीचा महिना-वर्ष, उत्पादक देश आणि ग्राहक तक्रारीसाठीचा पत्ता असायला हवा. महिना-वर्ष पाहण्याचे कारण वेगळे आहे. पॉलियुरेथेनचा फोम आणि पेस्टिंग न वापरताही वर्षांगणिक कमकुवत होतात, त्यामुळे पाच-सहा वर्षे पडून राहिलेला ‘नवा’ जोड अर्ध्या किमतीत मिळाला तरी पहिल्याच पावसात उकलू शकतो. ‘फर्स्ट कॉपी’बद्दल, म्हणजे नावाजलेल्या बुटाच्या हुबेहूब नकलेबद्दल, एवढेच सांगतो की नावाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचा साचा मूळ बुटाचा नसतो, त्यामुळे वर दिलेले नंबरांचे सगळे गणित तेथे निरुपयोगी ठरते.

पैसे देण्यापूर्वी बदलून देण्याची मुदत आणि अट विचारावी आणि ती पावतीवर लिहून घ्यावी.

७. घरातील तीन संध्याकाळी

बूट घरी आणला की लगेच तो घालून सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघण्याचा मोह आवरावा. सोलला धूळ लागली की बदलून मिळण्याची शक्यता संपते. जमिनीवर जुनी चादर अंथरावी (सोलापूरकराच्या घरी तिची वानवा नसते) आणि सलग तीन संध्याकाळी, रोजच्या मोज्यांसह, अर्धा-अर्धा तास बूट घालून घरातली कामे करावीत. प्रत्येक वेळी मोजे काढून पाय पाहावा. फिकट लाल खुणा अर्ध्या तासात गेल्या तर चिंता नाही. त्याच जागी तिसऱ्या दिवशीही खूण गडद उमटली, तर बूट परत करावा. ‘एवढा आवडला आहे, होईल सवय’ असे मन सांगेल, तेव्हा दुसऱ्या टप्प्यातला कागद काढून पुन्हा एकदा रुंदी वाचावी.

इशारा: फार आखूड मोजे लो-टॉपमध्ये टाचेखाली घसरतात आणि चामडे थेट कातडीला घासते. अनेक चांगले बूट या एका कारणाने बदनाम झाले आहेत. काठाच्या वर किमान दोन बोटे राहील असा मोजा घालून चाचणी घ्यावी.

८. पहिला महिना आणि पुन्हा पारख

पहिले दोन आठवडे बूट एक दिवसाआड घालावा, म्हणजे घामाने ओला झालेला आतला भाग पूर्ण वाळतो. वाळवताना गच्चीतल्या उन्हात ठेवू नये. कडक उन्हाने पांढरे रबर पिवळे पडते आणि पेस्टिंग सैल होते. दुचाकीच्या डिकीत दुपारभर ठेवणे त्याहून वाईट. पावसात भिजल्यास इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, दोनदा बदलावेत आणि पंख्याखाली ठेवावे. काळी माती ओली असताना पुसली की ती शिलाईत भरते, म्हणून ती वाळू द्यावी, बूट एकमेकांवर आपटून ढेपळे पाडावीत आणि मग जुन्या टूथब्रशने उरलेली काढावी.

महिन्याने बूट पुन्हा काउंटरसारख्या सपाट जागेवर ठेवावा. टाचेच्या बाहेरच्या कडेला थोडी झीज साहजिक आहे, पण बूट मागून कललेला दिसत असेल किंवा एकच टाच भराभर झिजत असेल, तर दोष चालण्यात असण्याची शक्यता अधिक, आणि पुढचा जोड घेण्याआधी पायाच्या डॉक्टरांना दाखवावे. चवड्याच्या घडीजवळ कार्डाची कड पुन्हा फिरवावी. फट चिमूटभर असतानाच कारागिराकडून शिलाई करून घेतली, तर काम लगेच होते. तीच फट पावसाळाभर तशीच सोडली, तर आत शिरलेली माती पेस्टिंगला पुन्हा धरू देत नाही.